डबल बासच्या सोलोला पियानोची साथ : डाव्या हाताचे करायचे काय?

व्हायोलिनला साथ करणाऱ्या पियानोवादकाला डाव्या हाताची फारशी काळजी करावी लागत नाही. व्हायोलिनची सर्वांत खालची तार १९६ हर्ट्झची (सेकंदाला १९६ कंपनांची) असते, म्हणजे पियानोवरील मधल्या सीपासून जेमतेम पाच पट्ट्या खाली, आणि तिच्याखालचा सगळा मुलूख पियानोला मोकळा असतो. डबल बास, म्हणजे व्हायोलिनसारखेच पण खूप मोठे, खर्जात वाजणारे वाद्य, सोलो वाजवायला पुढे उभा राहिला की हा हिशेब उलटतो. आता सोलोवादक स्वतःच डाव्या हाताच्या मुलखात राहायला आलेला असतो, आणि पियानोवादकाने सवयीप्रमाणे डावा हात चालवला तर दोघांचेही वादन ऐकणाऱ्यापर्यंत नीट पोहोचत नाही. यावर मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे ‘जरा हळू वाजवा’. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. बासला साथ करताना आवाज किती ठेवायचा यापेक्षा कोणता स्वर कोठे ठेवायचा आणि कोणता वाजवायचाच नाही, हा निर्णय अधिक महत्त्वाचा असतो.

सोलापुरात हा प्रसंग रोज येत नाही, हे मान्य आहे. पाश्चात्त्य संगीत शिकणारी आपली मुले बहुतेक की-बोर्ड, गिटार किंवा व्हायोलिन यांच्याकडे वळतात. माणसाएवढे उंच वाद्य विकत घेऊन, ते रिक्षात न मावल्यामुळे टेम्पोतून नेणारा विद्यार्थी विरळाच. पण पुण्या-मुंबईत शिकणारा एखादा बासवादक सुट्टीत गावी येतो, कार्यक्रम ठरतो, आणि साथीसाठी की-बोर्डच्या क्लासातील कुणाला तरी विचारले जाते. त्या वेळी हातात पडलेली छापील प्रत जशीच्या तशी वाजवून भागत नाही. शिवाय येथे जे लागू पडते ते चेलोच्या खालच्या तारांना, बसून (बॅसून) या फुंकून वाजवायच्या वाद्याला आणि खर्जात गाणाऱ्या गायकालाही थोड्याफार फरकाने लागू पडते.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. डबल बासच्या चार तारा एकमेकींपासून सा–मच्या अंतरावर लावलेल्या असतात: खालून वर ई, ए, डी आणि जी. हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. त्यांची कंपने सेकंदाला सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ असतात. सोलो रचनांमध्ये मुख्य काम वरच्या एक-दोन तारांवर चालते. सर्वांत वरची जीची तार मोकळी वाजली तर ९८ हर्ट्झ, बरोबर मध्यावर दाबली तर १९६ आणि त्यापुढे अंगठ्याच्या आधाराने आणखी वर गेल्यास ३९२ हर्ट्झपर्यंत सहज जाते. म्हणजे सोलोचा बराचसा प्रवास १०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात होतो. पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी डावा हात विसावतो ती जागा नेमकी हीच आहे.

आता एक गोम. बासचे नोटेशन प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या स्वरापेक्षा एक सप्तक वर लिहिलेले असते, कारण तसे न केल्यास सगळे स्वर पाच रेषांच्या खाली लटकत राहतील. बासवादकाला याचा त्रास नसतो. पियानोवादकाच्या प्रतीत मात्र बासची ओळ पियानोच्या ओळींच्या वर छापलेली असते आणि डोळ्यांना ती डाव्या हाताच्या वर चालल्यासारखी दिसते, पण कानांना ती एक सप्तक खाली, म्हणजे कित्येकदा डाव्या हाताच्याही खाली ऐकू येते. पहिल्या तालमीआधी पियानोवादकाने एकट्याने बसावे, बासची ओळ एक सप्तक खाली घेऊन डाव्या हाताने वाजवावी आणि तिच्याभोवती साथीतील स्वर कोठे पडतात ते पाहावे. या एका खटाटोपातून पुढच्या निम्म्या अडचणी आधीच कळतात.

खालच्या सप्तकांत गर्दी का होते, याला कानाच्या रचनेतले कारण आहे. दोन स्वर कानात वेगळे वाटण्यासाठी त्यांच्या कंपनसंख्येत पुरेसे अंतर लागते. साधारण ५०० हर्ट्झच्या खाली हा ‘वेगळेपणाचा पट्टा’ सुमारे १०० हर्ट्झ रुंद असतो, आणि दोन स्वर त्या पट्ट्याच्या आत एकमेकांच्या फारच जवळ आले की ते स्वतंत्र न वाटता घरघरल्यासारखे वाटतात. जी मायनरची कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) घ्या. ९८ हर्ट्झचा जी आणि त्याच्या लगतचा वरचा बी फ्लॅट, म्हणजे ११६.५ हर्ट्झ, यांच्यात अंतर आहे अवघे साडेअठरा हर्ट्झचे. हीच जोडी दोन सप्तके वर नेली तर ३९२ आणि ४६६ होते, अंतर ७४ हर्ट्झचे पडते, आणि तेथे ती स्वच्छ, गोड वाटते. स्वरांचे नाते दोन्हीकडे तेच आहे. कानाला पडणारा फरक केवळ जागेमुळे आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि त्याकडे कमी लक्ष जाते. खालचा मोठा स्वर वरच्या स्वरांना जितक्या सहज झाकतो तितक्या सहज वरचा स्वर खालच्याला झाकत नाही. बासचा आवाज आपण ओळखतो तो केवळ त्याच्या मूळ कंपनावरून नव्हे. मानवी कान अगदी खालच्या कंपनांना मुळातच मंद असतो आणि बासची पेटीही, दिसायला प्रचंड असली तरी, सर्वांत खालचे स्वर ताकदीने बाहेर टाकण्यास अपुरी पडते. त्यामुळे बास ‘बोलतो’ तो मूळ स्वराच्या वर उमटणाऱ्या उपस्वरांतून, म्हणजे दोनशे हर्ट्झपासून हजाराच्याही पुढे पसरलेल्या बारीक थरांतून. पियानोचा जड डावा हात झाकतो ते नेमके हेच थर. श्रोत्याला बास चाललेला दिसतो, काहीतरी घुमतही असते, पण सुरावट हाती लागत नाही.

म्हणून पहिला बदल हा: डाव्या हातातील भरीव कॉर्ड मोडायची. वरील जी मायनरचे उदाहरण पुढे नेऊ. छापील साथीत डाव्या हाताला जी, बी फ्लॅट, डी असे तीन स्वर जवळजवळ दिले आहेत, आणि बासची सुरावट त्यांतल्याच डीवर, म्हणजे १४७ हर्ट्झवर, दीर्घ थांबते. येथे डाव्या हाताने फक्त जी वाजवावा, तोही हलका आणि लिहिला आहे त्याहून थोडा आखूड. बी फ्लॅट उजव्या हाताकडे, मधल्या सीच्या वर न्यावा. डी सोलोवादक वाजवतच आहे, तेव्हा तो पियानोने पुन्हा वाजवण्याची गरज नसते; वाजवायचाच असेल तर वरच्या सप्तकात. कॉर्ड पूर्ण राहते, रंग बदलत नाही, आणि १०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात बासला जागा होते. मुख्य ओळीचे स्वर पियानो त्याच सप्तकात जेथे जेथे दुहेरी करतो, तेथे ते सरळ गाळावेत. असे दुहेरीपण छापताना ‘आधार’ म्हणून दिलेले असते, प्रत्यक्षात ते सोलोवादकाचे पाय बांधते.

यावर एखाद्याला वाटेल की मग सगळी साथच एक सप्तक वर उचलली तर प्रश्न मिटला. तो मिटत नाही, उलट नवा उभा राहतो. समजा, सी मेजरची कॉर्ड आहे. डाव्या हाताचा सी १३१ हर्ट्झवर आहे आणि बासच्या ओळीत जी लिहिला आहे. कागदावर तो जी सीच्या वर दिसतो. ऐकू येताना तो ९८ हर्ट्झचा असतो, म्हणजे सीच्या खाली गेलेला असतो. कॉर्डचा सर्वांत खालचा स्वर आता सी राहिला नाही, जी झाला, आणि ज्या ठिकाणी वाक्य संपून विसावा मिळायला हवा होता तेथे कॉर्ड अधांतरी लटकल्यासारखी वाटते. चालत्या ओळीत असे क्षणभर झाले तर कुणाला कळतही नाही. पण वाक्याच्या शेवटी, विशेषतः रचनेच्या शेवटच्या कॉर्डवर, ते खटकतेच. अशा जागी डावा हात वर न नेता उलट खाली न्यावा लागतो: एकच सी, ६५ हर्ट्झचा, बासच्याही खाली, पातळ आणि स्वच्छ. मधली जागा रिकामी आणि उजवा हात वर. थोडक्यात, बहुतेक वेळा पियानोने सोलोच्या खाली एकच बारीक आधार ठेवावा, बाकीचे सगळे सोलोच्या वर न्यावे, आणि दोहोंच्या मध्ये बासला वावरू द्यावे. कोणत्या मात्रेला आधाराचा स्वर खरोखर लागतो आणि कोठे तो सोडून दिला तरी चालतो, हे ठरवण्यात साथीदाराची समज दिसते.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते सांगते. मागे एकदा ऐन उन्हाळ्यात सात रस्त्याजवळच्या एका खोलीत तालीम होती. पुण्यात शिकणारा मुलगा बास घेऊन आला होता, साथीला डिजिटल पियानो आणि कोपऱ्यात कूलर सुरू. अर्धे पान होईपर्यंत त्याने गज थांबवला आणि म्हणाला, “मॅडम, माझं मलाच ऐकू येईना की वो.” पियानोचा आवाज मोठा मुळीच नव्हता, तो आधीच इतका खाली आणलेला होता की त्याहून हळू वाजवले असते तर त्याला सूर धरायलाही काही उरले नसते. डाव्या हातातील मधले स्वर काढले तेव्हा त्याची ओळ लगेच मोकळी झाली. तरीही मोकळ्या जीच्या तारेवर काहीतरी थरथरत होते. कूलर बंद केल्यावर ते थांबले. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे कूलरची मोटार बहुधा १०० हर्ट्झवर गुणगुणते, आणि बासची जीची तार ९८ हर्ट्झची असते. दोन हर्ट्झच्या फरकामुळे सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात आणि बिचारा वादक आपलीच तार उतरली असे समजून खुंटी पिळत बसतो. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी तालीम करणाऱ्यांना तर हे वेगळे सांगायला नको: मागांचा खालच्या सप्तकांतला खडखडाट बासला झाकतो, बासरीला तितका झाकत नाही. तालमीची जागा निवडताना हे लक्षात घ्यावे. उन्हाळ्यात कूलर आधी चालवून खोली गार करून घ्यावी आणि वाजवताना बंद ठेवावा.

वर ‘सूर धरायला’ असे म्हटले, त्याविषयी थोडे. बासच्या पट्टीवर पडदे नसतात आणि तारेची लांबी सुमारे १०५ सेंटिमीटर असते, त्यामुळे बोट किंचित इकडेतिकडे झाले तरी स्वर हलतो. वादक आपला स्वर साथीशी ताडून पाहत असतो. पियानो फारच दबका ठेवला, किंवा ताडून पाहण्यासारखे स्वर फक्त खालच्या सप्तकांत ठेवले, तर त्याचा हा आधार जातो, कारण खालच्या सप्तकांत सुराचा बारीक फरक कानाला नीट कळत नाही. उजव्या हाताचे स्वर वरच्या सप्तकात स्पष्ट असले तर बासचा सूर पक्का लागतो. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. पियानोचा मेजर तिसरा स्वर, म्हणजे आपल्याकडचा शुद्ध गंधार, सप्तकाच्या बारा समान भागांतील विभागणीमुळे नैसर्गिक गंधारापेक्षा थोडा चढा असतो. शंभराचा एक अर्धस्वर धरला तर सुमारे १४ भागांनी. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला हे लगेच टोचते. बासवादक जेव्हा गंधार लांबवून धरतो तेव्हा पियानोने तो स्वर वाजवू नये. फक्त सा आणि प ठेवले तर वादकाला आपला गंधार हवा तेथे बसवता येतो आणि कॉर्ड एकदम उजळते.

तारा मिळवतानाही हेच तत्त्व. बासवादकाला खालचा ए देऊ नये. मधल्या सप्तकातला ए द्यावा. तो आपल्या तारेवरचा बारीक उपस्वर काढून त्याच्याशी जुळवून घेतो. लहान उभ्या पियानोच्या सर्वांत खालच्या तारा आखूड आणि जाड असल्यामुळे त्यांचे उपस्वर मुळातच थोडे चढे असतात आणि त्यांच्यावरून सूर लावणे कुणालाही जड जाते.

आता पट्टीचा प्रश्न, ज्यात नवख्या साथीदाराची सर्वांत जास्त धांदल उडते. वाद्यवृंदात बास ई, ए, डी, जी असा लावतात. सोलोसाठी पुष्कळ वादक निराळ्या, पातळ तारा चढवून सगळे वाद्य एक पूर्ण स्वर वर लावतात: एफ शार्प, बी, ई, ए, म्हणजे काळी तीन, पांढरी सात, पांढरी तीन, पांढरी सहा. याने आवाज उजळतो आणि दूरवर पोहोचतो. नेहमीच्याच तारा पिळून एक स्वर वर नेल्या तर त्यांच्यावरचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो, म्हणून तारा वेगळ्या लागतात. वादकाची बोटे मात्र जुन्याच हिशेबाने चालतात; तो कागदावर डी वाचतो, डीच्या जागी बोट ठेवतो आणि वाजतो ई. डिटर्सडॉर्फच्या (१७३९–१७९९) सुप्रसिद्ध कंचेर्टोत (सोलो वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेत) सोलोवादक डी मेजर वाचतो आणि सभागृहात ई मेजर ऐकू येते. बोत्तेसिनीचा बी मायनरचा कंचेर्टो तो ए मायनरमध्ये वाचतो. कूसेवित्स्कीचा एफ शार्प मायनरचा कंचेर्टो ई मायनरमध्ये वाचतो. पियानोवादकाला मात्र जे ऐकू येते तेच वाजवावे लागते, आणि त्यासाठी योग्य पट्टीतील पियानोची प्रत हाती असावी लागते. पुष्कळ प्रकाशक दोन्ही पट्ट्यांतील प्रती देतात. इंटरनेटवरून उतरवून घेतलेली प्रत कोणती आहे, हे न पाहता तालमीला गेल्यास पहिल्याच कॉर्डला दोघे एकमेकांकडे पाहत राहतात.

आपल्याकडील साथीदारांना ही कल्पना नवी नाही. स्केलचेंजर हार्मोनियमवर पट्ट्यांचा संच सरकवून बोटांची सवय न बदलता गायकाची पट्टी धरण्याचे काम आपण करतोच. डिजिटल पियानोवर तेच काम ट्रान्सपोज बटण करते: बास सोलो तारांवर असेल आणि तुमची प्रत नेहमीच्या पट्टीची असेल तर अधिक दोन. यात कमीपणा मुळीच नाही, आणि सोलापुरात बहुतेक ठिकाणी डिजिटल वाद्यच मिळत असल्यामुळे ही सोय वापरावीच. अडचण फक्त त्यांना येते ज्यांच्या कानात स्वरांची नावे पक्की बसली आहेत. बोट डीवर आणि कानावर ई, हे त्यांना सहन होत नाही. त्यांनी वरच्या पट्टीतील प्रत मिळवावी आणि चार शार्प मुकाट्याने वाजवावेत. आणि कार्यक्रमात पुढे दुसऱ्या कुणाची साथ असेल तर बटण पुन्हा शून्यावर आणण्याची खूणगाठ प्रतीच्या शेवटच्या ओळीवर पेन्सिलीने लिहून ठेवावी.

कोणत्या रचनेत किती बदल करायचा, हे ती मूळ कशासाठी लिहिली आहे त्यावर ठरते. हिंडमिथचा १९४९चा सोनाटा बास आणि पियानो यांच्यासाठीच लिहिलेला आहे. तेथे संगीतकाराने हा विचार स्वतः केलेला असतो आणि साथीदाराने आपले शहाणपण फार चालवू नये. सँ-साँसच्या १८८६ मधील प्राण्यांच्या मालिकेतला ‘हत्ती’ही तसाच, पियानोकडे वॉल्ट्झचा ठेका आणि बासकडे सुरावट, अशी कामाची वाटणी आधीच झालेली आहे, फक्त ठेका जड होऊ द्यायचा नाही. नवख्या जोडीने येथूनच सुरुवात करावी असे मी म्हणेन. शुबर्टच्या १८२४ मधील आर्पेजोनी सोनाट्याची गोष्ट वेगळी आहे. तो गिटारीसारख्या सहा तारांच्या पण गजाने वाजणाऱ्या एका वाद्यासाठी लिहिला होता. ते वाद्य मागे पडले आणि रचना चेलो, व्हायोला व बास यांनी वाटून घेतली. बासवर तिचा मोठा भाग मूळच्या एक सप्तक खाली येतो आणि शुबर्टने सोलोच्या खाली म्हणून लिहिलेला डावा हात पुष्कळ ठिकाणी सोलोच्या वर किंवा त्याच्याच अंगावर येतो. येथे प्रत्येक ओळ तपासावी लागते.

कंचेर्टोच्या पियानो प्रती हा तिसरा प्रकार. त्या वाद्यवृंदाच्या साथीवरून कुणीतरी आटवून तयार केलेल्या असतात आणि त्यांत पियानोचा विचार कमी, काहीही सुटू नये ही धडपड जास्त असते. व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांनी हलक्या हाताने धरलेले सूर पियानोवर डाव्या हाताचा जाड थरथराट होऊन बसतात. वाद्यवृंदात तो थरथराट कुजबुजल्यासारखा असतो. पियानोच्या खालच्या तारांवर तोच गडगडाट होतो. अशा जागी थरथराट पूर्णपणे काढून एक अष्टक (तोच स्वर लगतच्या दोन सप्तकांत मिळून) शांतपणे धरावे, किंवा थरथराट उजव्या हाताने वर करावा. हा छापील अक्षराचा अपमान नाही, कारण ते अक्षर संगीतकाराचे नाहीच. संगीतकाराने लिहिलेला वाद्यवृंद कसा ऐकू येतो ते रेकॉर्डिंगवर ऐकावे आणि त्याच्या जवळ जावे.

बोत्तेसिनी (१८२१–१८८९) हे नाव येथे मुद्दाम घ्यायला हवे. १८७१ मध्ये कैरोत व्हेर्दीच्या ‘आयदा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग त्याने संचालित केला. पण बासवादक त्याला ओळखतात ते या वाद्याला व्हायोलिनसारखे गायला लावणारा म्हणून. त्याच्या रचनांत बास वर, आणखी वर जातो, तारेच्या टोकाशी बारीक उपस्वरांवर नाचतो. तेथे वरचा सगळा सल्ला उलटा करावा लागतो. उंचावरचा बासचा आवाज गोड पण बारीक असतो आणि मधल्या सीच्या आसपास पियानोचा उजवा हात त्याला सहज पुसून टाकतो. म्हणून सोलो वर गेला की पियानोने खाली उतरावे, डाव्या हाताला पुन्हा मोकळीक द्यावी आणि उजवा हात आवरता घ्यावा. एकाच पानावर बास दोनदा वर आणि दोनदा खाली जात असेल तर पियानोचे स्वरही चार वेळा जागा बदलतील.

जागेनंतर वेळ. ४१ हर्ट्झच्या तारेचे एक कंपन पूर्ण व्हायला २४ मिलिसेकंद लागतात, आणि गज टेकल्यावर स्वर बसायला अशी काही कंपने जावी लागतात. पाच गेली तरी सेकंदाचा आठवा भाग सरतो. पियानोचा हातोडा मात्र आदळताक्षणीच बोलतो. गज हलताना पाहून पट्टी दाबली तर पियानो पुढे पळाल्यासारखा वाटतो; स्वर बसल्याचे ऐकून दाबावी. त्याचप्रमाणे तारेच्या टोकापासून मध्यापर्यंत जायचे तर बासवादकाच्या हाताला अर्ध्या मीटरहून अधिक अंतर तोडावे लागते, चेलोवर तेच अंतर सुमारे ३५ सेंटिमीटर असते. अशा उडीच्या आधी साथीने किंचित सैल व्हावे. ताल मोडायचा नाही. आधीच्या मात्रेचा शेवट जरासा रुंद करायचा. यासाठी पियानोवादकाला वादकाचा डावा हात आणि गज दोन्ही दिसले पाहिजेत, म्हणून त्याला पाठीमागे उभे करू नये. पियानोच्या वळणात, थोडा पुढे उभा करावा.

पेडलविषयी एवढेच, की खालच्या तारा पियानोवर सर्वांत जास्त वेळ वाजत राहतात, तेव्हा एरवी दोन मात्रांवर बदलता ते येथे प्रत्येक मात्रेवर बदलावे, आणि बास बोटांनी तार छेडत असेल तर पेडल बहुतेक विसरूनच जावे. झाकणाबाबत उलटी समजूत फार आढळते. ग्रँड पियानो असेल तर आवाज कमी करायला झाकण पूर्ण बंद करतात. त्याने वरचे तेजस्वी स्वर दबतात, खालचे तितके दबत नाहीत, आणि चिखल वाढतो. झाकण अर्धे उघडे ठेवून हात हलका ठेवणे अधिक बरे.

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या सभागृहात माइक लागतोच, आणि तेथे साउंडवाल्याशी आधी बोलून घेतलेले चांगले. लग्नाच्या आणि ऑर्केस्ट्राच्या सवयीने तो खालचे स्वर वाढवतो, कारण एरवी श्रोत्यांना ते आवडतात. त्याला स्पष्ट सांगावे की पियानोच्या चॅनेलवर सुमारे १०० हर्ट्झच्या खालचा भाग थोडा उतरवायचा आणि वाढवायचे ते बासच्या माइकवर. बासचा माइक पुलाच्या (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी घोडीच्या) जवळ असावा म्हणजे गजाचा स्पर्श ऐकू येतो. बासवादकासमोरचा स्पीकर फार चढवला तर बासची पेटी त्याच आवाजाने घुमू लागते आणि तो घुमारा एकदा सुरू झाला की थांबवणे कठीण जाते.

या सगळ्या आवरतेपणाचा एक दुष्परिणाम असा होतो की बास थांबल्यावरही पियानो दबकूनच वाजत राहतो. कंचेर्टोत जेथे सोलोवादक विश्रांती घेतो आणि पियानो संपूर्ण वाद्यवृंदाच्या जागी उभा राहतो, तेथे गाळलेले सगळे स्वर परत यायला हवेत: डाव्या हाताची अष्टके, भरीव कॉर्ड, हवा तेवढा आवाज. श्रोत्यांना बासचा बारीक उजळ स्वर पुन्हा ऐकायला उत्सुक करण्याचे काम याच भागाचे असते. बास पुन्हा येण्याआधीच्या दोन मापांत मात्र डावा हात एकेक स्वर गाळत गेला पाहिजे, आवाज उतरण्याच्या आधी गर्दी उतरली पाहिजे, आणि सोलोच्या पहिल्या स्वराला खाली एकच आधार उरला पाहिजे. तालमीत बहुतेक जोड्या सोलोचे भाग पुन्हा पुन्हा घोटतात आणि ही दोन मापे तशीच सोडतात. मी स्वतः तालमीची सुरुवात तेथूनच करते.